खेळ आणि जुगार यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढा: बेळगावहून एक खुले पत्र

बेळगाव, डिसेंबर 2025

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
मा. मंत्रिमहोदय, माहिती तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान खाते, कर्नाटक शासन, बेंगळूर

विषय: पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या मोबाइल खेळांच्या लहान निर्मात्यांची ऑनलाइन गेमिंग कायद्यामुळे होत असलेली कोंडी

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर आम्ही पाच जण मोबाइलवरचे खेळ तयार करतो. खाली लेथ चालतात, वर संगणक. सहा वर्षांपूर्वी 'तुम्ही नेमके काय बनवता?' असे कोणी विचारले की आम्ही अभिमानाने 'खेळ' असे उत्तर देत होतो. गेल्या ऑगस्टपासून हे उत्तर देताना जीभ अडखळते, कारण ते ऐकल्यावर बँकेतला अधिकारी, जागेचा मालक आणि आमच्यातल्या एकाला मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला आलेले पाहुणे, हे तिघेही एकच प्रतिप्रश्न करतात: 'म्हणजे ते रमीवाले काय?' लोकांच्या गैरसमजाची तक्रार मी आपल्याकडे करणार नाही. लोकांचे गैरसमज आम्ही आमचे दूर करू. पण तोच गैरसमज कायद्याच्या शब्दांत आणि त्या शब्दांना घाबरलेल्या यंत्रणांच्या वागण्यात उतरला असेल, तर तो आपल्यालाच दूर करावा लागेल, आणि म्हणून हे पत्र.

आमचे खेळ दोनच आहेत. पहिला चौकाबारा. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आमच्या घरी चारही कवड्या उताण्या पडल्या की चौका आणि चारही पालथ्या पडल्या की बारा, म्हणजे आठ घरे. वडगावातल्या जुन्या घराच्या सोप्यावर माझी आजी हा पट खडूने आखत असे, आणि शेजारच्या कन्नड घरातल्या अज्जी तिच्यासमोर बसत. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येत होती, पण कवड्यांचा हिशेब दोघींनाही चोख समजत होता. हा खेळ मोबाइलवर आणताना आम्ही तो मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आणला, आणि तो हुक्केरी-गोकाकपासून चंदगड-गडहिंग्लजपर्यंत खेळला जातो. दुसरा खेळ शब्दकोड्यांचा आहे. तो आम्ही शाळांना वार्षिक वर्गणीवर देतो. दोन्हींत पैसे लावता येत नाहीत आणि जिंकून पैसे मिळतही नाहीत.

सप्टेंबर 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वापरत असलेल्या पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ग्राहकांचे पैसे ऑनलाइन स्वीकारून आमच्या बँकेत पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, चार ओळींचा ईमेल आला. आमचा व्यवसाय 'ऑनलाइन गेमिंग' या वर्गात नोंदलेला असल्यामुळे आमच्या खात्यावरील व्यवहार तत्काळ थांबवण्यात येत आहेत, एवढाच त्याचा आशय होता. त्या वेळी अकरा शाळांची वर्गणी त्या खात्यात जमा होऊन आमच्या बँकेत यायची होती. ती रक्कम आजही तिथेच अडकून आहे. आम्ही खुलासा पाठवला, खेळाची चित्रे पाठवली, सीएचे प्रमाणपत्र पाठवले. उत्तर आले ते यंत्राने लिहिलेले, आधीच्याच चार ओळींचे. मग बँकेच्या शाखेत गेलो. तिथले अधिकारी सौजन्याने वागले, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी चहाही दिला आणि सांगितले, 'आम्हाला पटते हो, पण वरून गेमिंग या शब्दालाच हात लावू नका असे आहे.' संस्थांची नावे मी इथे देत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. सगळ्याच संस्था घाबरल्या आहेत आणि त्यांनी का घाबरावे याचे कारण कायद्यातच आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे हे पत्र कोणाच्या बाजूने आहे याबद्दल शंका राहणार नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरकारने घातलेल्या बंदीविरुद्ध मी बोलत नाही. आमच्या माडीखालच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या एका मुलाने दोन वर्षांत रमीच्या ॲपवर आपला पगार, बायकोचे गंठण आणि मेहुण्याकडून दुचाकीसाठी घेतलेली उसनवारी घालवली. मटक्यापायी उठलेली घरे या भागाने पूर्वीही पाहिली आहेत. फरक इतकाच की मटक्याचा आकडा लावायला निदान घराबाहेर पडावे लागत होते. अशा खेळांत दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक मिळून 20,000 कोटी रुपये गमावतात, असा अंदाज कायदा आणताना सरकारने दिला होता. तो मुलगा रोज डोळ्यांसमोर असताना त्या अंदाजावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. ऑगस्टमध्ये कायदा होताच ड्रीम इलेव्हनसारख्या बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले, तेव्हा आमच्या माडीवर कोणालाही वाईट वाटले नाही. आमचे दुःख वेगळे आहे: जाळे मोठ्या माशांसाठी टाकले गेले आणि त्यात आमच्यासारखे चिंगळे अडकले, त्यांना बाहेर काढायला मात्र कोणी थांबलेले नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार व्याख्येची आहे. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, 2025 खेळांचे तीन वर्ग करतो: ई-स्पोर्ट्स (म्हणजे व्हिडिओ खेळांच्या स्पर्धा), ऑनलाइन सामाजिक खेळ (पैसे न लावता करमणुकीसाठी खेळायचे) आणि ऑनलाइन पैशांचे खेळ. पहिल्या दोन वर्गांना प्रोत्साहन आणि तिसऱ्याला बंदी, ही मांडणी कागदावर स्वच्छ आहे. सामाजिक खेळासाठी वर्गणी किंवा एकदाच भरायचे प्रवेशशुल्क घेण्याची मुभाही कायदा देतो, फक्त ती रक्कम पणाच्या, म्हणजे डावावर लावलेल्या पैशांच्या, स्वरूपाची असता कामा नये. इथपर्यंत आम्ही सुरक्षित आहोत. पण पैशांच्या खेळाच्या व्याख्येत पैशांबरोबर 'इतर पण' असे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ सांगताना कायदा क्रेडिट, नाणी, टोकन किंवा तत्सम कोणतीही वस्तू, मग तिला नाव काहीही असो आणि ती खरी असो वा आभासी, पैसे देऊन थेट किंवा आडमार्गाने घेतलेली असली की तिलाही पणात धरतो. शिवाय ती वस्तू पैशांशी समतुल्य किंवा पैशांत बदलता येण्याजोगी मानली गेलेली असावी, अशी अट आहे. पण ती समतुल्य आहे हे कोणी, कशावरून मानायचे, याचा उलगडा कायद्यात होत नाही.

आता आमचा चौकाबारा पाहा. खेळ फुकट आहे. दिवसाला पाच डाव झाल्यावर पुढचा डाव हवा असेल तर जाहिरात पाहायची किंवा खेळातली काही नाणी खर्च करायची, आणि ती नाणी 29 रुपयांना शंभर अशी विकत मिळतात. डाव जिंकला की दहा नाणी परत मिळतात. ही नाणी कोणाला देता येत नाहीत, विकता येत नाहीत, त्यांचे रुपये करता येत नाहीत. त्यांनी पुढचा डाव खेळता येतो किंवा पटाचा रंग बदलता येतो, बस्स. जगभरच्या फुकट मोबाइल खेळांचा धंदा याच पद्धतीवर उभा आहे. आमच्या वकिलांनी मात्र विचारले की खेळाडूने पैसे देऊन नाणी घेतली, ती डावाला लावली आणि जिंकल्यावर जास्त नाणी मिळाली, तर हा 'लाभाच्या अपेक्षेने' खेळलेला खेळ नाही हे न्यायालयात सिद्ध कोणी करायचे? त्यात आमचा खेळ कवड्यांचा. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद नव्या कायद्याने निरर्थक ठरवला असला, तरी कवडी, फासा आणि पत्ता ही चित्रे दिसताच तपासणारा माणूस आणि तपासणारे यंत्र दोघेही सावध होतात. घाबरून आम्ही नाण्यांचे नाव बदलून 'चिंचोके' केले. नंतर कायद्यातले 'नाव काहीही असो' हे शब्द पुन्हा वाचले आणि स्वतःचेच हसू आले. शेवटी ऑक्टोबरमध्ये आम्ही चिंचोक्यांची विक्रीच बंद केली, आणि त्याबरोबर आमच्या मासिक उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग गेला. कोणत्याही अधिकाऱ्याने आम्हाला तसे करायला सांगितले नव्हते. ते करू नका, असेही कोणी सांगू शकत नव्हते.

बँका आणि गेटवे असे का वागतात, तेही समजून घेण्यासारखे आहे. पैशांचा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अशा खेळासाठी पैशांची ने-आण करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि 50 लाख. अशा स्थितीत एखाद्या गेटवेतला, नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा अनुपालन अधिकारी बेळगावच्या पाच माणसांचा खेळ उघडून, चिंचोक्यांचे रुपये होतात की नाही हे तपासत बसेल, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. आमच्या वर्गणीवर त्याला जे काही सुटते, त्यासाठी तो तुरुंगाची जोखीम घेणार नाही. तो सरसकट वर्गच बंद करतो. कायद्याने ज्यांना 'प्रोत्साहन' द्यायचे ठरवले, त्यांच्यावर बंदी घालण्याचे काम अशा रीतीने खासगी यंत्रणांकडे गेले आहे, आणि त्या बंदीविरुद्ध अपील करायला जागाही नाही.

दुसरी तक्रार घाईची आणि धरसोडीची. विधेयक 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले, 21 तारखेला राज्यसभेने ते मंजूर केले आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, हे केंद्र सरकारचेच कायदापूर्व सल्लामसलतीचे धोरण 2014 पासून आहे. ते 30 दिवस मिळाले असते, तर चिंचोक्यांचा प्रश्न आम्ही तेव्हाच विचारला असता. त्याआधीचा इतिहासही विसरता येत नाही. एप्रिल 2023 मध्ये आपल्याच मंत्रालयाने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून खेळांची पडताळणी करणाऱ्या स्वयंनियामक संस्था नेमण्याची व्यवस्था जाहीर केली. त्यांपैकी एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही आणि ती व्यवस्था सुरू होण्याआधीच मावळली. पाठोपाठ करांचा घोळ आला: पैशांच्या खेळांवर ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के, तर आमच्यासारख्यांच्या विक्रीवर 18 टक्के. दर वेगळे असण्याला आमची हरकत नाही, पण एका कर कार्यालयात आम्हाला 'तुम्ही 28 ऐवजी 18 का भरता?' असे विचारले गेले आणि ते समजावण्यात माझे तीन दिवस गेले. आता ऑक्टोबरमध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यात नियामक प्राधिकरण आपल्या मंत्रालयाकडे, ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आणि सामाजिक खेळ माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अशी वाटणी दिसते. ज्यांची दिल्लीत कार्यालये आहेत त्यांना तीन दारे म्हणजे तीन संधी वाटत असतील. आम्हाला नेमके कोणते दार ठोठवायचे हेच कळत नाही. 2022 च्या जुलैमध्ये बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइल खेळ ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि 2023 च्या मे महिन्यात परत आला. त्यामागच्या कंपनीला दहा महिने थांबणे परवडले. आम्हाला दहा आठवडे परवडत नाहीत.

तिसरी तक्रार कर्नाटक शासनाकडे आहे, आणि ती फक्त सीमाभागातल्या माणसालाच सुचेल अशी आहे. पैज व जुगार हा विषय राज्यांच्या यादीतला असल्यामुळे तेलंगणाने 2017 मध्ये, आंध्रने 2020 मध्ये आणि तामिळनाडूने त्यानंतर आपापले कायदे केले. कर्नाटकाने 2021 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पण लावलेल्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. घोड्यांच्या शर्यतींना मात्र त्यातून वगळले, यावर मी काही बोलत नाही. 14 फेब्रुवारी 2022 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. पण मधल्या चार महिन्यांत आम्ही काय भोगले ते ऐका. त्या वेळी आमच्या सल्लागाराने खबरदारी म्हणून कर्नाटकातल्या खेळाडूंसाठी खेळातली खरेदी बंद करायला सांगितले. बेळगावपासून महाराष्ट्राच्या हद्दीतले शिनोळी किती दूर आहे हे आपल्या अधिकाऱ्यांनी नकाशात पाहावे. हद्दीवरचा फोन कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. इंटरनेटचा पत्ता पाहिला तर हिंडलग्यात बसलेला माणूस कधी बेंगळुरात दिसतो तर कधी पुण्यात. परिणाम असा झाला की महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या लोकांची खरेदी अडली आणि इथल्या कॅम्पातल्या काहींची चालू राहिली, म्हणजे ज्या कायद्याच्या भीतीने हे सगळे केले तो आम्ही पाळू शकलो नाही आणि ज्यांना तो लागूच नव्हता त्यांचा खेळ मात्र बिघडवला. केंद्राच्या कायद्याला दिलेली आव्हाने आज सर्वोच्च न्यायालयासमोर आहेत. निकाल काहीही लागो, राज्याने पुन्हा आपला वेगळा कायदा आणायचे ठरवले तर हद्दीवर राहणाऱ्या माणसाने तो कसा पाळायचा, हे त्या कायद्यातच लिहिलेले असावे.

मुलांच्या माहितीच्या संरक्षणाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्या कायद्याचा हेतू मला मान्य आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि यात चूक झाली तर दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत आहे. आमची अडचण अगदी घरगुती आहे. खानापूर तालुक्यातल्या घरात एकच फोन असतो. सकाळी तो वडिलांबरोबर शेतावर जातो, दुपारी आईकडे असतो आणि संध्याकाळी मुलगी त्यावर शब्दकोडे सोडवते. खेळणारी व्यक्ती कोण, हे आमच्या खेळाला कसे कळावे? शोधायचे म्हटले तर तिच्याबद्दल आज आम्ही गोळा करत नाही ती माहिती गोळा करावी लागेल, म्हणजे कायद्याच्या हेतूच्या उलट. मोठ्या कंपन्या यासाठी वेगळी व्यवस्था विकत घेतील. पाच जणांच्या दुकानाला परवडेल अशी साधी, सरकारने स्वतः उभी केलेली संमतीची सोय मिळाल्याशिवाय हे जमणारे नाही.

ॲपच्या दुकानांचा विषय खरे तर स्पर्धा आयोगाचा आहे, म्हणून फक्त उल्लेख करतो. आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल 936.44 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला. दंड कमी-जास्त होवो, आमच्या 99 रुपयांच्या विक्रीतून 18 टक्के कर आणि दुकानाचे 15 टक्के कमिशन गेल्यावर हातात सुमारे 70 रुपयेच राहतात. दुकानाबाहेर स्वतःच्या संकेतस्थळावरून विकावे, तर वर सांगितल्याप्रमाणे गेटवे दार लावून घेतो. म्हणजे दुकानाची मक्तेदारी मोडायला एक सरकारी संस्था झटते आणि दुसऱ्या सरकारी कायद्याच्या धाकाने आम्हाला त्याच दुकानात परत जावे लागते.

कर्नाटक शासनाला आणखी एक विचारायचे आहे. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी देशातले पहिले धोरण कर्नाटकाने 2012 मध्ये आणले आणि 2024 ते 2029 साठीचे नवे धोरणही आणले आहे. तंत्रज्ञानाचे उद्योग बेंगळूरबाहेर नेण्याच्या 'बियाँड बेंगळुरू' या उपक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह म्हणून नोंदलेला आहे. राज्यभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना पदव्या देणाऱ्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आमच्याच गावात, मच्छेच्या माळावर आहे. इतके असूनही या धोरणांखाली उभ्या राहिलेल्या सोयी वापरण्यासाठी आम्हाला बेंगळूरला, म्हणजे पाचशे किलोमीटर दूर, रात्रीच्या बसने जावे लागते. ध्वनिमुद्रणाच्या कक्षासाठी दोन वेळा गेलो. तिसऱ्यांदा आमच्या स्टुडिओतल्या एका मुलाने कारखाना बंद असलेल्या रविवारी गाद्या लावून इथेच कवड्यांचा आवाज टिपला, आणि तोच चांगला आला. महाराष्ट्राने सप्टेंबर 2025 मध्ये याच क्षेत्रासाठी 3,268 कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर आहे. आमच्या पाचांतल्या दोघांनी आता स्टुडिओ तिकडे हलवण्याचा विषय काढला आहे, आणि त्यांना अडवायला माझ्याकडे भावनेशिवाय दुसरे कारण उरलेले नाही. सीमाभागाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. इथे धंदा करणाऱ्याला राहावेसे वाटेल असे काही तरी करा, एवढेच म्हणणे आहे.

भाषेचाही प्रश्न आहेच. कायदा वाचून समजला नाही तर तो पाळताही येत नाही. आमच्या स्टुडिओत चित्रे काढणारा शहापूरचा मुलगा विणकराच्या घरातला आहे. त्याचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झाले. स्वतःच्या व्यवसायाचा कायदा त्याने माझ्या तोंडून ऐकला, कारण त्याला वाचता येईल असा मजकूर आम्हाला कुठे सापडला नाही. कन्नडमध्ये हवा असणाऱ्या आमच्या दोन सहकाऱ्यांचीही तीच स्थिती आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. केंद्र सरकारने नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावे की जे चिन्ह, नाणे किंवा वस्तू रुपयांत परत बदलता येत नाही, दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही आणि फक्त त्या खेळाच्या आतच वापरता येते, ती 'इतर पण' या व्याख्येत येत नाही. रिझर्व्ह बँकेशी बोलून बँका आणि गेटवे यांना लेखी खुलासा द्यावा, व्यापाऱ्यांच्या वर्गवारीत सामाजिक खेळांसाठी वेगळा वर्ग करावा, आणि खाते थांबवायचे असेल तर आधी नोटीस, पंधरा दिवसांत सुनावणी आणि अडकलेल्या रकमेचा निकाल ठरलेल्या मुदतीत, अशी पद्धत बंधनकारक करावी. लहान निर्मात्याला आपला खेळ कोणत्या वर्गात बसतो हे प्राधिकरणाकडून घरबसल्या, विनाशुल्क आणि 30 दिवसांत लेखी कळावे. त्या मुदतीत उत्तर आले नाही तर खेळ तूर्त सामाजिक मानावा, आणि त्या काळातल्या व्यवहारासाठी कोणावर फौजदारी कारवाई होऊ नये. तीन मंत्रालयांसाठी अर्ज एकाच ठिकाणी करता यावा. पालकांच्या संमतीसाठी सरकारी, मोफत सोय व्हावी. कायदा, नियम आणि अर्ज मराठी व कन्नडसह भारतीय भाषांत उपलब्ध व्हावेत.

कर्नाटक शासनाने वेगळा कायदा आणण्यापूर्वी हद्दीवरच्या खेळाडूचे ठिकाण कसे ठरवायचे आणि प्रामाणिक चूक झाल्यास काय, हे त्यात लिहावे. आणि हुबळी-धारवाड-बेळगाव समूहासाठी ध्वनिमुद्रण, चाचणीसाठीचे फोन आणि कायदेशीर सल्ला मिळेल असे एक केंद्र बेळगावात सुरू करावे. त्यासाठी नवी इमारत नको. विद्यापीठातल्या दोन खोल्याही पुरतील.

हे पत्र मी कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या अधिवेशनाच्या महिन्यात लिहीत आहे. ते जिथे भरते ते सुवर्ण विधानसौध आमच्या माडीपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे आणि या दिवसांत राज्याचे बहुतेक सचिव इथेच मुक्कामाला असतात. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या संध्याकाळी, लेथ बंद झाल्यावर, उद्यमबागेत आले तर अडकलेल्या अकरा शाळांच्या पावत्या, गेटवेचा तो ईमेल आणि चिंचोक्यांचा पूर्ण हिशेब आम्ही समोर ठेवू.

आपला विश्वासू,
चौकाबारा बनवणाऱ्या पाचांपैकी एक
उद्यमबाग, बेळगाव